उघड्या शेकोटीसाठी जाहीर ठिकाणे हवीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरून मार्गशीर्ष लागला की छत्रपती संभाजीनगर, जालना आणि परभणी या शहरांतील पुष्कळ कुटुंबे, महाविद्यालयीन मुलांचे गट आणि डोंगर-किल्ल्यांची आवड असलेली मंडळी एका रात्रीच्या मुक्कामासाठी तंबू घेऊन शहराबाहेर पडतात. मराठवाड्यात उघड्यावर रात्र काढण्याजोगा काळ मुळात थोडा आहे. उन्हाळ्यात जमीन रात्री उशिरापर्यंत तापलेली असते आणि पावसाळ्यात काळ्या मातीत तंबूची खुंटी टिकत नाही. डिसेंबर आणि जानेवारी एवढेच महिने खऱ्या अर्थाने हाती लागतात, आणि त्याच महिन्यांत थंडीची लाट आली की परभणीच्या कृषी विद्यापीठातील पारा दहा अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर अशा रात्री विस्तवाचा आधार लागतोच. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो तो हाच, की तिथे उघडी शेकोटी पेटवता येईल का? या साध्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर नागरिकाला एका जागी मिळत नाही. ते मिळावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शहरापासून तास-दोन तासांच्या अंतरावरची जी ठिकाणे सर्वांना प्रथम आठवतात, त्यांतील बहुतेक ठिकाणी शेकोटीला मनाई आहे, आणि ती मनाई योग्य आहे, हे आधीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कन्नड आणि चाळीसगाव तालुक्यांत पसरलेले गौताळा-औट्रम घाट अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने तिथे विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडून जाणे हा गुन्हा आहे, आणि कलम २९ मुळे तिथली वाळकी काटकीसुद्धा परवानगीवाचून उचलता येत नाही. अभयारण्याबाहेर जी राखीव वने आहेत त्यांना भारतीय वन अधिनियम १९२७ चे कलम २६ लागू होते, ज्यानुसार वन अधिकाऱ्याने अधिसूचित केलेला हंगाम सोडून तिथे विस्तव पेटवता, बाळगता किंवा नेताही येत नाही. देवगिरी किल्ला आणि वेरूळची लेणी ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत आणि अशा स्मारकांसाठीच्या १९५९ च्या नियमांनुसार तिथे नेमून दिलेल्या जागेखेरीज अन्न शिजवण्यासही बंदी आहे. शेकोटीचा प्रश्नच उरत नाही. पैठणजवळ नाथसागराचा विस्तीर्ण काठ पाहून अनेकांना तंबू ठोकण्याचा मोह होतो, परंतु नाथसागर म्हणजेच जायकवाडीचा जलाशय, आणि तोही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक आणि पट्टकादंब यांचे थवे ज्या उथळ कडांवर रात्री विसावतात, नेमक्या त्याच कडा पाणी ओसरल्यावर मोकळ्या होतात आणि माणसाला मुक्कामासाठी सोयीच्या वाटतात.

या मनाईमागचे कारण पाहायचे असेल तर डिसेंबरात म्हैसमाळच्या किंवा खुलताबादच्या कोणत्याही उतारावर उभे राहावे. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले कुसळी आणि मारवेल तोवर पार पिवळे पडलेले असते. जंगल शुष्क पानझडीचे असल्यामुळे खाली पाचोळ्याचा थरही साठू लागतो. दुपारनंतर वारा सुटला की एका ठिणगीला एवढे इंधन पुरेसे होते. वणवे साधारणपणे फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत लागतात म्हणून हिवाळा सुरक्षित आहे, असा एक समज आहे. तो घातक आहे, कारण गवत वाळण्यासाठी फेब्रुवारीची वाट पाहत नाही. एप्रिल २०२५ मध्ये देवगिरी किल्ल्यावरचे वाळके गवत पेटून आग किती वेगाने पसरली, ते शहरातील हजारो लोकांनी दुरून पाहिले आहे. टिटवी, चंडोल आणि तित्तिर जमिनीवर घरटे करतात. पळून जाऊ न शकणारे सरडे, साप आणि ससे यांची पिले आगीत पहिली सापडतात. मराठवाड्यात जंगल आधीच इतके थोडे आहे, लातूर जिल्ह्यात तर ते एक टक्क्याच्याही आत आहे, की इथल्या प्रत्येक डोंगराचे गवत आपण जपायलाच हवे. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ गौताळ्यात स्थिरावला, तो तिथे आडोसा आणि शिकार होती म्हणून.

मात्र नुसत्या मनाईने प्रश्न सुटत नाही. शेकोटी कुठे चालणार नाही हे सांगणारे फलक आपल्याकडे आहेत, पण ती कुठे चालेल हे कोणीच सांगत नाही. परिणामी लोक चोरून विस्तव पेटवतात, आणि चोरून पेटवलेला विस्तव नेहमी चुकीच्या जागी असतो, म्हणजे बुरुजाच्या आडोशाला, घाटातल्या वळणावर, तळ्याच्या काठी, बंद पडलेल्या खदानीत. कोणी येताना दिसले की तो घाईने पायाने पसरवला जातो आणि निखारे तसेच मागे राहतात. किल्ल्यांच्या भिंतींवर काजळीचे जे डाग दिसतात, ते असेच पडलेले आहेत.

त्यातच जागा भाड्याने देणाऱ्या काही चालकांच्या बेफिकिरीची भर पडते. मी शाळेतील मुलांना हिवाळी शिबिरांना घेऊन जाणारा शिक्षक आहे. एका चालकाने शेकोटीची हमी देऊन आमच्या गटाला ज्या माळावर उतरवले, त्या माळाचा अर्धा भाग वन विभागाचा निघाला. वनरक्षकाने येऊन शांतपणे समजावले आणि आम्ही विस्तव विझवला. परंतु जमिनीची हद्द ठाऊक नसताना, किंवा ठाऊक असूनही, पैसे घेऊन मुलांना तिथे आणणाऱ्या माणसाला कोणी काही विचारले नाही. म्हैसमाळ आणि सुलीभंजनच्या परिसरात वनजमीन, गायरान, देवस्थानची जमीन आणि खासगी शेते इतकी लागून आहेत, की बाहेरून आलेल्या माणसाला सीमा डोळ्यांनी कळणे शक्य नाही. म्हणून जमिनीचा सातबारा दाखवण्याची जबाबदारी चालकावरच असली पाहिजे.

मग योग्य जागा कोणती? माझ्या मते तिचे उत्तर मराठवाड्याजवळ पूर्वीपासून आहे, आणि ते म्हणजे शेत. रब्बीची ज्वारी दुधातून चिकात येते, त्या डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत आपल्याकडे शेतात हुरड्याची आगटी लागते. वीत-दीड वीत खोल गोल खड्डा, त्यात पेटवलेल्या गोवऱ्या, धूर सरून लालभडक निखारा झाला की त्यात खोचलेली गूळभेंडीची किंवा सुरतीची कणसे, आणि भोवती गोल करून बसलेली माणसे. ही रचना खाण्यासाठी केलेली असली तरी अग्निसुरक्षेच्या दृष्टीनेही ती विचारपूर्वक घडलेली आहे. विस्तव जमिनीच्या खाली राहतो, त्यामुळे वारा थेट लागत नाही. गोवरी भडकत नाही, संथपणे जळते, त्यामुळे ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत. खड्ड्याच्या कडेला माती उकरून ठेवलेली असतेच. हुरडा संपल्यावर त्याच आगटीत बाभळीची दोन लाकडे टाकली की रात्रीची शेकोटी तयार होते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत वेळा अमावस्येला सगळे घरच शेतात जाते. तिथल्या माणसाला विस्तव घेऊन शेतात कसे वावरावे हे वेगळे शिकवावे लागत नाही. शहरात वाढलेल्या आमच्या मुलांना मात्र ते शिकवावे लागते, आणि जिथे विस्तव पेटवण्याची मुभा आहे अशाच ठिकाणी ते शिकवता येते.

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणले, त्यामुळे शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून आपल्या शेतात पाहुण्यांची सोय करता येते. उघड्या शेकोटीसह हिवाळी मुक्काम करायचा असेल तर आज तरी सर्वांत निर्धोक आणि कायदेशीर मार्ग हाच आहे, असे मला वाटते. शेत शेतकऱ्याच्या मालकीचे असते, विहीर किंवा शेततळे जवळ असते, आणि रात्री काही झाले तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. परंतु नोंदणी म्हणजे सुरक्षिततेची हमी असे समजून चालणार नाही. जागा ठरवतानाच फोनवर काही गोष्टी विचारून घ्याव्यात. आगटी कायमची खणलेली आहे की कुठेही खड्डा करणार, कडब्याची गंजी तिथून किती लांब आहे, आजूबाजूला उसाचा फड किंवा वाळलेले पीक उभे आहे का, रात्री वीज नसताना पाणी कसे मिळेल, आणि बांधापलीकडची जमीन कोणाची आहे. या प्रश्नांची उत्तरे जो शेतकरी चटकन आणि नेमकी देतो, त्याच्याकडे निःशंकपणे जावे. ‘त्याचं काही टेन्शन घेऊ नका’ असे उत्तर आले तर दुसरी जागा शोधावी.

कडब्याच्या गंजीचा मुद्दा शहरातील माणसाला किरकोळ वाटू शकतो, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. गंजी म्हणजे त्या घरातील जनावरांचा पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा चारा असतो. ती पेटली तर विझवता येत नाही, आणि दुष्काळी वर्षात तेवढा कडबा विकत घेण्याची ऐपत फार थोड्या शेतकऱ्यांची असते. मग दावणीची जनावरे बाजारात न्यावी लागतात. म्हणून जुने खळे कितीही स्वच्छ आणि सपाट दिसले तरी गंजी सहसा त्याच्याच शेजारी रचलेली असते, हे ध्यानात घेऊन शेकोटी खळ्यावर करू नये. मुरमाड माळ ही सर्वांत चांगली जागा. काळ्या रानात हिवाळ्याच्या अखेरीस भेगा पडू लागतात, त्यांत पाचोळा आणि धसकटे अडकलेली असतात आणि भेगेत गेलेला निखारा वरून दिसत नाही. शेकोटीभोवतीचे किमान दहा फुटांपर्यंतचे गवत खरवडून काढावे आणि तंबू वाऱ्याच्या वरच्या बाजूला, त्याहून लांब लावावा. कडेला दगड मांडायचे असतील तर ओढ्यातले किंवा नदीतले दगड आणू नयेत. त्यांत मुरलेले पाणी तापून वाफ झाली की दगड फुटून त्याच्या कपच्या अंगावर येतात.

सरपणाविषयी थोडक्यात सांगतो. बाभूळ आणि सगळीकडे माजलेली वेडी बाभूळ ही लाकडे उत्तम जळतात, आणि वेडी बाभूळ तोडली गेली तर माळाचे भलेच होते. तुराट्या आणि पऱ्हाट्या पेटवण ​​म्हणून ठीक आहेत, पण त्या एकदम भडकतात आणि ठिणग्या उडवतात, म्हणून मूठ-मूठच टाकाव्यात. रॉकेल, डिझेल, रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूड आणि प्लास्टिक यांना शेकोटीत जागा नाही. त्यांचा धूर शेजारी बसलेल्या मुलांच्याच छातीत जातो, आणि वारा पडलेल्या थंड रात्री तो जमिनीलगत साचून राहतो.

शेकोटी विझवण्याबाबत मात्र मराठवाड्यातील अडचण वेगळी आहे. इतरत्र दिलेला सल्ला असा असतो, की भरपूर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि राखेवर उलटा हात धरून ऊब लागत नाही ना हे तपासावे. सल्ला अचूक आहे, पण ज्या गावात काही वर्षी जानेवारी-फेब्रुवारीतच टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाहुण्यांनी दोन घागरी पाणी राखेवर ओतणे शेतकऱ्याला कसे वाटेल, याचाही विचार झाला पाहिजे. त्यामुळे बहुतेक जण निखाऱ्यांवर माती लोटतात आणि विस्तव विझला असे समजतात. वस्तुतः मातीखाली झाकलेला निखारा, विशेषतः गोवरीचा, कित्येक तास जिवंत राहतो. आपल्या आज्या रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून सकाळी त्यावरच चूल पेटवीत असत, ते याच गुणामुळे. यावर उपाय असा, की शेकोटी मुळातच लहान करावी, झोपण्यापूर्वी तासभर तरी नवे लाकूड टाकू नये, निखारे पसरून बारीक करावेत, त्यांत माती मिसळत राहून ढवळावे आणि मग अखेरीला लागेल तेवढेच पाणी वापरावे. हात-तोंड धुतलेले पाणी बादलीत साठवून ठेवले तर तेही या कामी येते. लहान गटाला तर जमिनीवर शेकोटी करण्याचीही गरज नाही. तीन दगडांवर लोखंडी घमेले ठेवून, त्यात तळाला मातीचा थर देऊन केलेला विस्तव चार-पाच माणसांना पुरेशी ऊब देतो आणि सकाळी तो कुठे होता हे जमिनीवर दिसतही नाही.

एक गोष्ट पालकांना कळकळीने सांगावीशी वाटते. पहाटे थंडी वाढली म्हणून पेटते कोळसे घातलेली शेगडी किंवा घमेले तंबूत घेऊ नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो.

आता प्रशासनाकडे मागणी. जिल्हाधिकारी कार्यालयाने वन विभाग, पर्यटन संचालनालय आणि जिल्हा परिषद यांना एकत्र बसवून दरवर्षी नोव्हेंबर संपण्यापूर्वी शहराजवळच्या अशा ठिकाणांची यादी मराठीत प्रसिद्ध करावी, जिथे हिवाळ्यात उघड्या शेकोटीला परवानगी आहे. नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्रे त्या यादीत सहज येतील. त्याशिवाय खुलताबाद, कन्नड, पैठण आणि फुलंब्री या तालुक्यांत ज्या ग्रामपंचायतींची तयारी असेल, त्यांच्या हद्दीत अभयारण्य, राखीव वन आणि स्मारके यांपासून पुरेशा अंतरावर, मुरमाड जमिनीवर, चार-पाच बांधीव आगट्या, पाण्याची टाकी, वाळूच्या बादल्या आणि भोवती गवत काढलेला रुंद पट्टा एवढीच सोय करावी. याला मोठा निधी लागत नाही. वन विभाग जंगलात जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळे केलेले पट्टे, काढतोच, त्याच पद्धतीने गावातील लोक ही जागा तयार करू शकतील. सरपण गावानेच विकावे, म्हणजे पाहुणे झाडांच्या फांद्या तोडणार नाहीत. मुक्कामाचे शुल्क ग्रामपंचायतीकडे जावे आणि गायरानाचा निर्णय ग्रामसभेनेच घ्यावा, कारण तिथे चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांच्या मालकांचा हक्क आमच्या सहलींच्या आधीचा आहे. एखाद्या गावाने नको म्हटले तर तो विषय तिथेच संपला पाहिजे.

वारा जोराचा असेल त्या दिवशी, किंवा पाऊस कमी झालेल्या वर्षी, ही परवानगी मागे घेण्याचा अधिकार गावाला आणि वन विभागाला असावा, आणि आगाऊ पैसे भरलेल्यांनी त्यावर वाद घालू नये. निष्काळजीपणे विस्तव हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली गुन्हा आहे. यादीसोबत ही माहितीही छापली जावी, तसेच वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक ठळकपणे द्यावा, म्हणजे डोंगरावर धूर दिसताच कोणाला कळवायचे, याची शोधाशोध करावी लागणार नाही.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. डिसेंबर लागला की हुरडा पार्टी आणि तंबू मुक्कामाच्या जाहिराती आपल्या पानांवर येऊ लागतात. त्या स्वीकारताना जमीन कोणाच्या मालकीची आहे, केंद्राची नोंदणी झाली आहे का, कायम आगटी आणि पाणी आहे का, एवढी माहिती जाहिरातदाराने देणे आपण आवश्यक करावे आणि ती जाहिरातीतच छापावी. प्रशासनाची यादी निघेपर्यंत वाचकांना तेवढ्यावरून जागा पारखता येईल.

आपला विश्वासू,
एक शिक्षक व वाचक,
छत्रपती संभाजीनगर